मुलुंड ते गोराई: पाच मिनिटांचं भाषण आणि फिलूचं दार

"पाच मिनिटं, आंटी. त्याच्यावर गेलात तर चणे गार होतात."

ग्लेंडाने फोनवर एवढंच सांगितलं आणि मी गोराईला जायचं ठरवलं. चाळीस वर्षं मी येशूविषयी बोलत आलेय. मैदानात बोलले, मांडवात बोलले, गच्चीवर बोलले, एकदा तर वीज गेली तेव्हा माईकशिवाय सव्वा तास बोलले. पाच मिनिटांत माझं 'प्रिय बंधुभगिनींनो'सुद्धा धड संपत नाही. तरीही मी 'येते' म्हणाले, कारण हे बोलावणं फिलोमिनाच्या घरून आलं होतं.

फिलोमिना, म्हणजे आमची फिलू. मुलुंडच्या मराठी शाळेत आम्ही बावीस वर्षं एका स्टाफरूममध्ये काढली. तिच्या डब्यातलं कोळंबीचं लोणचं माझं आणि माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी तिची, हा आमचा अलिखित करार. ती गोराईची, ईस्ट इंडियन; म्हणजे मुंबईतल्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक कुटुंबातली. मी नगरकडच्या प्रोटेस्टंट घरातली. ती माळ जपणारी, मी पुस्तकं चावणारी. भांडायचो भरपूर, पण अबोला कधी मधल्या सुट्टीपलीकडे टिकला नाही.

आणि मग सहा वर्षं टिकला. चूक माझी होती, सांगूनच टाकते.

फिलूचा नवरा बेनी अचानक गेला. सातव्या दिवशी चर्चमध्ये मिसाची प्रार्थना झाली, नंतर घरी जेवण होतं. पानं वाढायच्या आधी कुणीतरी म्हणालं, "सुलभाबाई, दोन शब्द बोला." मी पाऊण तास बोलले. मृत्यूवर, पुनरुत्थानावर, विजयावर! मी पेटले होते. आणि शेवटी, अंगणभर माणसं उभी असताना, मी फिलूकडे बोट करून म्हणाले, "ही काळी साडी कशाला? आपला प्रभू कबरीतून उठलाय! उतरव ते काळं, फिलोमिना, आणि आनंद कर!"

त्यांच्यात नवरा गेला की बाई वर्षभर काळं नेसते. कुणी जबरदस्ती करत नाही. ते तिचं त्याच्याशी शेवटचं बोलणं असतं. हे मला ठाऊक होतं, पण माझं वाक्य इतकं छान जमून आलं होतं की ते गिळणं मला जमलं नाही.

फिलू उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं. त्यानंतर मी सहा नाताळांना सहा कार्डं पाठवली. एकाचंही उत्तर नाही.

आता तिच्या लेकीचा, ग्लेंडाचा फोन. मे महिन्यात गोराईत रोज संध्याकाळी रस्त्याकडेच्या क्रूसाजवळ शेजारीपाजारी जमतात, माळेची प्रार्थना करतात, गाणी म्हणतात, आणि ज्या घराची पाळी असेल ते घर सगळ्यांना उकडलेले चणे वाटतं. महिन्याची शेवटची संध्याकाळ मोठी असते. यंदा ती पाळी फिलूच्या घराची.

"मम्माला माहितीय का मी येणार ते?" मी विचारलं.

"माहितीय. ती म्हणाली, येऊ दे. मी बाहेर येईन की नाही ते मात्र सांगत नाही."

तर वाचकहो, ही आपल्याच मुंबईच्या उपनगरांतली तीन दिवसांची सहल. मुलुंडहून गोराई दोन-अडीच तासांत गाठता येते. मी मुद्दाम तीन दिवस लावले. वाटेत घाटकोपर आणि मरोळला माझे उपदेश आधीच ठरलेले होते, हे कारण मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण असं की मला भीती वाटत होती.

पहिला दिवस: मुलुंड ते घाटकोपर

सोबतीला मंदा. मंदाकिनी सावंत, आमच्या इमारतीत माझ्या दारासमोर राहते. मूळ गाव मालवणजवळ. नवरा गिरणीत होता, गिरणी गेल्यावर एका ऑफिसात वॉचमन झाला, आता पेन्शनीतला वाद घालणारा गृहस्थ आहे. मंदा रोज सकाळी तुळशीला पाणी घालते आणि रोज संध्याकाळी माझ्या घरी चहा पिते. तिला गोराईला यायचं होतं ते सुक्या बोंबलांसाठी. पावसाळ्याची बेगमी.

"येतंय मी," ती म्हणाली. "पण एक आधीच सांगतंय. माका बाटवूचा नाय."

"तुला बाटवायला गेले तर संध्याकाळपर्यंत मीच तुमच्या गावच्या वेतोबाला कोंबडा कबूल करून बसेन."

"ह्या मात्र खरा," ती म्हणाली आणि बोंबलांसाठी तीन रिकाम्या पिशव्या घेऊन निघाली.

लाल बहादूर शास्त्री मार्गावरून जाणारी बस धरा. दुपारी बारा ते तीन बसायला जागा मिळते, डावीकडे बसलात तर ऊनही लागत नाही. कांजूरमार्गला मंदाच्या बहिणीकडे जेवायला उतरलो. वारा फिरला की कचऱ्याच्या डोंगराचा वास येतो. त्या घरात वारा फिरल्याबरोबर सगळे न बोलता खिडक्या लावतात आणि पुन्हा जेवायला बसतात. बांगड्याचं तिखलं इतकं झकास होतं की वास कधी आला, कधी गेला, मला कळलंही नाही. ताईने विचारलं, "तुमच्यात मासे चालतात ना हो?" मी म्हटलं, "ताई, आमच्या प्रभूचे पहिले चार सोबती कोळी होते." ताईने आणखी एक तुकडी वाढली.

संध्याकाळी घाटकोपरला घरसभा. एका कुटुंबाच्या हॉलमध्ये तीसेक माणसं, सोफा बाहेर पॅसेजमध्ये, चपलांचा ढीग लिफ्टपर्यंत. विषय माझा आवडता: येशू कोण?

मी म्हटलं, "आपण त्याला कॅलेंडरवर टांगलंय! गोरापान, निळ्या डोळ्यांचा, केस आत्ताच सलूनमधून सेट करून आणलेले! अहो, तो सुतार होता. त्याच्या तळहाताला घट्टे होते, नखात भुसा होता. ज्यांना कुणी पंक्तीला घेत नव्हतं त्यांच्या पंक्तीला तो जाऊन बसला. ज्याला कुणी शिवत नव्हतं त्याला त्याने आधी हात लावला आणि बरं नंतर केलं! हा देव सिंहासनावरून हुकूम सोडणारा नाही. हा खाली उतरलेला आहे, तुमच्या-आमच्या घामात!"

आणि तो हाडामांसाचा देव आहे हे सिद्ध करायला मी आणखी पन्नास मिनिटं घेतली. इतिहास आणला, तत्त्वज्ञान आणलं, ग्रीक शब्द आणला. शेवटी 'आमेन' असा घुमला की वरच्या मजल्यावरून कुणीतरी बादली आपटली.

मुक्काम त्याच घरी होता. सकाळी चहा घेताना मी मंदाला विचारलं, कारण कौतुक ऐकल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. "कसं झालं?"

"बरां झाला. मोठ्यान झाला."

"अगं, पण विषय?"

मंदाने बिस्कीट बुडवलं, खाल्लं, आणि मग म्हणाली, "तू त्येची वकिली करतंस गो. केस बरोबर मांडलंस, समोरचो गप. पण माका तो माणूस काय गावलो नाय. तो हसायचो काय?"

"काय?"

"हसायचो काय, म्हणून इचारतंय. येवढा तू सांगतंस, तो आसा, तो तसा. मगे हसायचो की नाय?"

माझ्याकडे ग्रीक शब्द होता. मंदाने दुसरं बिस्कीट बुडवलं.

दुसरा दिवस: मरोळ, मग मालाड

रविवार. घाटकोपरहून मेट्रोने मरोळ नाक्याला पंधरा-वीस मिनिटांत पोचतो. सकाळच्या वेळी रविवारी गाडी जवळजवळ रिकामी असते आणि साकीनाक्याची सगळी धावपळ वरून एखाद्या खेळण्यासारखी दिसते. हा प्रवास एकदा तरी काही काम नसताना करा.

मरोळजवळच्या मराठी मंडळीत उपासना होती. छोटं चर्च, मोठे पंखे, पेटी थोडी बेसूर आणि तबला झक्क. विषय 'विश्वासाने आणि आनंदाने जगणं'. हा उपदेश मी इतक्या वेळा केलाय की मला त्यात टाळ्यांच्या जागासुद्धा पाठ आहेत. "आनंद हा पर्याय नाही! ती आज्ञा आहे! उदास ख्रिस्ती माणूस ही त्या रिकाम्या कबरीची बदनामी आहे!" मी बोलले. टाळ्या जिथे यायच्या तिथेच आल्या.

उपासनेनंतर समोसा आणि चहा. एक बाई माझ्याजवळ आली, पन्नाशीची, खांद्याला पर्स घट्ट धरलेली. म्हणाली, "बाई, खूप छान बोललात. मी प्रयत्न करते हं आनंद करायचा. रोज करते. नाही जमत कधीकधी. पण करीन." आणि ती अपराधी चेहऱ्याने हसली.

मी तीस वर्षं मास्तरकी केलीय. हा चेहरा मी ओळखते. गृहपाठ अपुरा राहिलेल्या मुलीचा असतो तो. मी त्या बाईला आनंदाचा गृहपाठ दिला होता, आणि ती आता घरी जाऊन तो न जमल्याबद्दल स्वतःला रागावणार होती.

मी तिचा हात धरला आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग ते मिटून घेतलं. नुसताच हात धरून उभी राहिले. ती बराच वेळ उभी राहिली. जाताना तिचा खांदा थोडा सैल झाला होता. आता मी एवढ्या वर्षांच्या वक्तृत्वाच्या नावाने बोटं मोडत बसू का? नाही. पण नोंद केली.

तिथून मालाडला मंदाच्या लेकीकडे मुक्काम. मार्ग सोपा: मेट्रोने डी. एन. नगरला जा, पुलावरून चालत अंधेरी पश्चिमच्या स्टेशनात या, तिथून दुसरी मेट्रो थेट मालाड पश्चिम. एसी आहे, उन्हाळ्यात तेवढ्यासाठीच लोक बसतात की काय असं वाटतं.

गाडीत मंदा माझ्या शेजारी, पिशव्या मांडीवर. मी म्हटलं, "ऐक. तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते."

"भाषण नको."

"भाषण नाही. गोष्ट. त्याचा एक मित्र होता, पेत्र. कोळी. तोंडाने वाघ. म्हणायचा, सगळे पळाले तरी मी तुला सोडणार नाही. आणि ज्या रात्री येशूला पकडलं त्या रात्री त्याने तीनदा सांगितलं, मी त्याला ओळखतही नाही."

"मेलो," मंदा म्हणाली. "मगे?"

"येशूला मारलं. तो पुन्हा उठला. पेत्र परत आपला मासे धरायला. रात्रभर जाळं टाकलं, हाताला काही लागलं नाही. पहाटे किनाऱ्याकडे बघतो तर येशू तिथे बसलेला. निखारे पेटवलेले. त्यावर मासे भाजतोय."

"कसले मासे?"

"ते लिहिलेलं नाही."

"ताच लिवक व्हया होता!" मंदा एवढ्या मोठ्याने म्हणाली की समोरच्या सीटवरचा कानात इयरफोन घातलेला तरुण दचकला. "मगे काय बोललो त्येका? शिव्या घातल्यान?"

"नाही. म्हणाला, या, आधी नाश्ता करा."

जोगेश्वरी गेलं, गोरेगाव गेलं. मग तिने पिशव्या मांडीवर नीट केल्या आणि म्हणाली, "हसत असतलो तो. ह्या असा करूचा म्हणजे माणूस हसणारोच व्हयो." थोड्या वेळाने पुन्हा, "घाटकोपराक ह्या कित्याक नाय सांगितलंस?"

कारण ही गोष्ट सांगायला दोन मिनिटं लागतात, आणि दोन मिनिटांसाठी मला कोण बोलावणार, असं मला वाटत होतं. हे मी तिला सांगितलं नाही. इथे लिहितेय.

तिसरा दिवस: मंडपेश्वर, खाडी आणि गोराई

सकाळी मालाडहून मेट्रोने मंडपेश्वरला उतरलो. स्टेशनपासून रिक्षाने जवळच लेणी आहेत. आत जायला तिकीट नाही, गर्दी नाही, शेजारच्या इमारतींतली पोरं पुढच्या मैदानात क्रिकेट खेळतात. मुंबईत राहून हे पाहिलं नसेल तर जरूर पाहा.

दीडेक हजार वर्षांपूर्वीचं शंकराचं लेणं. आत नृत्य करणारा शिव आहे, झिजलेला, तुटलेला, तरी अजून नाचणारा. पोर्तुगीजांच्या काळात इथे चर्च केलं गेलं. एका भिंतीवर जिथे पूर्वी शिल्प होतं तिथे ते तासून मोठा क्रूस कोरलाय. क्रूसाच्या कडेला अजूनही जुन्या नक्षीच्या खुणा दिसतात.

मंदाने शंकराला हात जोडले. मग त्या क्रूसासमोर येऊन उभी राहिली. त्याच्या कडेच्या जुन्या नक्षीवरून तिने बोट फिरवलं.

मी क्रूसावर प्रेम करणारी बाई आहे. त्या खुणेसाठी मी जगलेय, भांडलेय, रडलेय. आणि तरी मी छातीठोकपणे सांगते: हे काम येशूचं नाही! ज्याने कुणाच्या दारात न विचारता पाऊल टाकलं नाही, जो दार ठोठावून बाहेर थांबतो, त्याचं नाव घेऊन दुसऱ्याच्या पूजेवर छिन्नी चालवायची? हा त्याच्या नावाने केलेला उद्धटपणा आहे आणि त्याची लाज मला, त्याच्या माणसाला, वाटलीच पाहिजे. हे मी मंदाला तिथेच सांगितलं, आणि जरा जोरातच सांगितलं. लेण्यात आवाज घुमला.

मंदा म्हणाली, "जावंदे. तू नाय कोरलंस."

पण मी कोरला होता. फिलूच्या अंगणात, सातव्या दिवशी, बोट दाखवून. तिच्या दुःखाचं जे शिल्प होतं ते तासून मी माझा क्रूस कोरला होता, आणि वर त्याला आनंद म्हटलं होतं.

बाहेर पायरीवर बसून मी पर्समधून भाषणाचा कागद काढला. चार पानं, दोन्ही बाजूंनी. फाडून टाकणार होते, पण मंदाने घेतला आणि म्हणाली, "दी हय. बोंबील बांधूक होतलो."

तिथून रिक्षाने गोराई खाडीच्या जेट्टीवर. होडी दर काही मिनिटांनी सुटते, माणसांबरोबर मोटरसायकली, गॅसचे सिलिंडर, कोंबड्यांची खुराडी सगळं एकत्र. पैसे किरकोळ; सुटे ठेवा. पाणी ओलांडायला दहा मिनिटंही लागत नाहीत, पण पलीकडे उतरलात की बोरिवलीचे टॉवर मागे राहतात आणि समोर तिवरं, मिठाचा वास आणि उघडा रस्ता. गावात जायला सहा आसनी रिक्षा मिळते. आमच्या रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही ती बाई ना? बेनी अंकलच्या सात दिवसाला बोललेली?"

"हो," मी म्हटलं.

"अरे बापरे," तो म्हणाला आणि उरलेला रस्ता गंभीरपणे गाडी चालवली.

मंदाने किनाऱ्यावरच्या काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील पाहिले, दोन बायकांशी मनसोक्त घासाघीस केली, आणि तीनही पिशव्या भरल्या. पावसाळ्याआधीचे शेवटचे दिवस, माल भरपूर. घ्यायचे असतील तर मेअखेरीस या आणि स्वतः हाताने दाबून बघून घ्या.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला क्रूसाजवळ पोचलो. पांढरा चुना दिलेला दगडी क्रूस, झेंडूच्या माळा, रंगीत कागदांच्या पताका, बाके, खुर्च्या. तो फिलूच्या घराच्या बरोबर समोर, तिच्या अंगणाच्या कडेला आहे. ग्लेंडा पुढे आली, माझ्या गळ्यात पडली आणि कानात म्हणाली, "पाच मिनिटं, आंटी."

"दोन पुरतील," मी म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही.

फिलूचं घर समोर. हिरवा दरवाजा, बंद. खिडकीत जाळीचा पडदा. पडद्यामागे कुणी आहे की नाही दिसत नव्हतं. आतून मात्र चण्यांचा वास येत होता, नारळ आणि तिखटाचा. म्हणजे ती आत होती आणि हात चालू होते.

प्रार्थना झाली. माळेची प्रार्थना आमच्यात नाही, मी शांत उभी राहिले. म्हाताऱ्या बायकांनी गाणं म्हटलं, सूर कुठेही गेला तरी एकत्रच गेला. मग ग्लेंडाने मला हात केला. सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे. रिक्षावालाही आला होता, मागे हाताची घडी घालून.

मी म्हटलं, "येशूचा एक मित्र होता, लाजर. तो वारला. येशूला ठाऊक होतं की थोड्या वेळात आपण त्याला उठवणार आहोत. पूर्ण ठाऊक होतं. तरी तो त्या कबरीपाशी गेला आणि आधी रडला. त्याने लाजरच्या बहिणींना सांगितलं नाही की डोळे पुसा. तो त्यांच्याबरोबर रडला. येशू कोण असं तुम्ही मला विचाराल तर मी आता एवढंच सांगेन: जो आधी रडतो, तो. ज्याचा आनंद कुणाच्या रडण्याला घाबरत नाही, तो. सहा वर्षांपूर्वी याच अंगणात मी हे विसरले. त्याचं नाव घेऊन मी एका बाईला तिच्या दुःखाची साडी उतरवायला सांगितली. सगळ्यांसमोर सांगितलं, म्हणून सगळ्यांसमोर म्हणते. फिलू, माझं चुकलं. काळं तुझं आहे. बेनी तुझा होता."

आणि मी बसले. कुणी टाळी वाजवली नाही. कुणाला कळलंच नाही की संपलं. ग्लेंडाने घड्याळ पाहिलं आणि तोंड उघडं ठेवून माझ्याकडे पाहिलं.

दार बंदच होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. मंदाने माझा हात बोंबलाच्या वासासकट घट्ट धरला होता. मग कडी वाजली.

फिलू बाहेर आली. काळ्या साडीत. केस सगळे पांढरे झालेले, पाठ तशीच ताठ. दोन्ही हातांत चण्यांचं मोठं पातेलं. ती सरळ माझ्यासमोर आली, पातेलं बाकावर ठेवलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. शाळेत पाचवीच्या वर्गासमोर उभी राहायची तशी.

"सहा वर्षं काळं नेसतेय," ती म्हणाली. "का, माहितीय?"

"बेनीसाठी."

"बेनीसाठी एक वर्ष. आमची पद्धत एक वर्षाची. वर्ष झालं त्या दिवशी कपाटातून रंगीत साडी काढली होती मी. मग वाटलं, आता हे टाकलं की ही सुलभा मुलुंडभर सांगत फिरेल, माझ्या भाषणाने टाकलं! म्हणून नेसले. पुढच्या वर्षी पण म्हणून नेसले. पाच वर्षं, सुलू! या गर्मीत! तुझ्यामुळे!"

मागून त्या रिक्षावाल्याला हसू फुटलं, आणि मग सगळं अंगणच फुटलं. म्हाताऱ्या बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होत्या. ग्लेंडा रडत होती का हसत होती कळेना. मंदा म्हणाली, "बाय माझे, ही माझ्यापेक्षा भारी आसा!" आणि फिलू, काळ्या साडीतली फिलू, हसू दाबायचा प्रयत्न करत होती आणि तिला ते जमत नव्हतं. मी तिला मिठी मारली तेव्हा ती हलत होती. मीही. त्यातलं किती हसू होतं आणि किती दुसरं काही, कुणी वेगळं करू नये.

"सोड," ती म्हणाली. "चणे गार होतायत. आधी खा."

तिने पहिला द्रोण माझ्या हातात दिला. मंदाने माझ्याकडे पाहिलं. तिला निखाऱ्यावरचे ते मासे आठवले हे मला कळलं आणि मलाही तेच आठवले हे तिला.

परत मुलुंड

रात्री फिलूकडेच राहिलो. सकाळी निघताना तिने माझ्या पिशवीत बियरची बाटली कोंबली. घाबरू नका: मे महिन्यात ईस्ट इंडियन घरांत वर्षभराचा मसाला कुटतात आणि तपकिरी बाटल्यांत ठासून भरतात, ऊन लागू नये म्हणून. पण ते बसमधल्या लोकांना काय माहीत? होडीत, मेट्रोत, मुलुंडच्या बसमध्ये, एका हातात बायबलची पिशवी आणि दुसऱ्या हातात बियरची बाटली धरून बसलेली साठीतली बाई. शेजारी मंदा, बोंबलाच्या वासाने अख्खी सीट रिकामी करून. आम्हाला परतीच्या प्रवासात कुठेही उभं राहावं लागलं नाही. हीसुद्धा एक व्यावहारिक सूचना समजा.

या प्रवासातून काय उरलं ते प्रामाणिकपणे मोजते. विश्वास तोच आहे, काडीचाही कमी नाही. तो देव आहे आणि तो उठला आहे, हे मी उद्याही गच्चीवरून ओरडून सांगेन. आवाजही तोच. पण परवा मुलुंडच्या मंडळीत मी सोळा मिनिटांत उपदेश संपवला आणि लोकांना वाटलं माझी तब्येत बरी नाही. मरोळच्या त्या बाईचा पत्ता मी शोधून काढला. पुढच्या महिन्यात तिच्याकडे जाणार आहे. बोलायला नाही. मी मासे नेणार, ती भात लावणार, एवढंच ठरलंय.

फिलूला मी निघताना साडीविषयी एक अक्षर विचारलं नाही. तिनेच जेट्टीवर बजावलं होतं, "टाकायचं तेव्हा टाकीन. तू तोंड उघडायचं नाही."

काल दुपारी तिच्या मसाल्यात बांगडे मुरत ठेवले होते, मंदा ओट्याशी उभी राहून मीठ कमी की जास्त यावर निकाल देत होती, आणि फोन वाजला. फिलूने फोटो पाठवला होता. गोराईच्या जेट्टीवर उभी, मागे खाडी, डोळे उन्हाने बारीक केलेले. अंगावर पोपटी साडी. इतकी पोपटी की मंदाने फोन लांब धरला.

खाली एक ओळ: 'एक शब्द बोलायचा नाही.'

चाळीस वर्षं भाषणं करणाऱ्या बाईच्या ओठावर अख्खं भाषण आलं, पुनरुत्थानासकट, टाळ्यांच्या जागांसकट. मी फोन पालथा ठेवला आणि तवा तापवायला घेतला.